रूमिनेट आणि जबड्याची अट

‘मॅस्टिकेट’ या क्रियापदाची चौकशी आज व्हावयाची होती. परंतु ‘च्यू’वरील गेल्या वेळचा मजकूर वाचून सांगलीच्या एका वाचकांनी जो प्रश्न धाडला आहे, तो माझ्या फार दिवसांच्या आवडीचा असल्याने ती सुनावणी तहकूब करणे भाग आहे. ते विचारतात की, गंभीर चिंतनात मग्न असलेल्या विद्वानाविषयी इंग्रज ज्या आदराने ‘रूमिनेट’ हा शब्द योजतो, तोच शब्द मानसशास्त्रज्ञ मनोरुग्णाचे लक्षण म्हणून कसा वापरतात?

शब्दाचे घर गोठ्यात आहे. गाईच्या जठराच्या चार कप्प्यांपैकी पहिला आणि सर्वांत अवाढव्य, प्रौढ गाईत शंभर लिटरांहून अधिक ऐवज सामावून घेणारा कप्पा म्हणजे रूमेन. तेथे सूक्ष्मजीवांनी आंबविलेला चारा घासाघासाने तोंडात परत येतो, चांगला चघळला जातो आणि पुन्हा खाली उतरतो; हा उद्योग दिवसाकाठी सात-आठ तास चालतो. त्याचे प्रयोजन चवीचे नाही. कण पुरेसे बारीक झाल्याखेरीज पुढल्या कप्प्यात जाण्याची त्यांना मुभाच नसते, आणि आजच्या प्रश्नाची मेख नेमकी येथेच आहे.

चिंतनाचा अर्थ लॅटिनमध्येच या क्रियापदाला चिकटला होता; पण त्याला जी प्रतिष्ठा लाभली, ती माझ्या मते ख्रिस्ती मठांतून. इ. स. ७३१ च्या सुमारास बीड या संन्याशाने आपल्या लॅटिन इतिहासात कॅडमन नावाच्या निरक्षर गुराख्याची हकीकत दिली आहे. मठातील विद्वान त्याला धर्मकथा सांगत, आणि तो शुद्ध पशूप्रमाणे त्यांचा रवंथ करून त्यांचे मधुर काव्य बनवी. ‘शुद्ध’ म्हणण्याचे कारण असे की, बायबलातील लेवीय ग्रंथाच्या कायद्याने दुभंगलेल्या खुराचे आणि रवंथ करणारे जनावरच भक्षणास योग्य ठरते. शिवाय मठवासी पुटपुटत वाचीत. म्हणजे मनन चालू असता त्यांचा जबडाही खरोखरच हलत असे.

जबड्याचे नाव निघाले की मला पाणिनी आठवतो. ‘रवंथ’ या आपल्या शब्दाचे मूळ जो संस्कृत ‘रोमन्थ’, त्यापासून क्रियापद कसे बनवावे याचा हुकूम अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि गंमत अशी की त्याच सूत्रात रोमन्थाच्या मांडीला मांडी लावून ‘तपस्’ बसले आहे. गाय आणि तपस्वी यांना एका सूत्रात बसविणाऱ्या या वैयाकरणाच्या मागून वार्तिककार आले, आणि त्यांनी अट घातली की जबडा हलत असेल तरच हे क्रियापद चालेल. एखादा किडा जनावराने टाकलेला तो पदार्थ नुसता लोळवीत असेल, तर नाही. इतकी दक्षता मी कोणत्याही इंग्रजी कोशात पाहिलेली नाही.

आता प्रश्नाकडे. १९९१ साली सूझन नोलन-होएक्सेमा या अमेरिकन विदुषीने खिन्न मनुष्याच्या त्याच त्या दुःखाभोवती, त्याच्या कारणांभोवती व परिणामांभोवती घुटमळण्याला ‘रूमिनेशन’ म्हटले आणि त्यामुळे खिन्नता लांबते असे प्रतिपादन केले. कॅडमनने चघळलेले काव्य होऊन बाहेर पडले. या रुग्णाचा घास मात्र पुढच्या कप्प्यात जातच नाही. दोहोंत चर्वण आहे; भेद निर्गतीचा आहे. आपल्याकडेही रसास्वादाला ‘चर्वणा’ म्हणणारे अभिनवगुप्त आहेत, आणि शिळ्या वादाला ‘चर्वितचर्वण’ म्हणून नाक मुरडणारे टीकाकारही आहेत. माझा कौल विचाराल तर मनोरुग्णासाठी हा शब्द योजण्यात गाईवर अन्याय झाला आहे; तिचा रवंथ निष्फळ कधीच नसतो.

मॅस्टिकेट पुढील आठवड्यात निश्चित. दरम्यान, मराठी गद्यात ‘रवंथ’ हा शब्द माणसाच्या स्तुतीसाठी योजल्याचा एखादा जुना दाखला कोणाच्या संग्रही असेल, तर अवश्य कळवावा.