कोळंबीचे घर, माशांचे शेजार

ऑकलंडच्या आग्नेय भागातील ईस्ट टामाकी या उपनगराजवळची टामाकी नदी नावापुरतीच नदी आहे; वस्तुतः ती हौराकी आखाताची जमिनीत शिरलेली खाडी असून दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याने भरते. या परिसरातील रस्त्यांवरचे आणि अंगणांतले पावसाचे पाणी गटारांवाटे अखेर याच खाडीला मिळते. एका बाजूस गोदामे व कारखाने आणि दुसऱ्या बाजूस फ्लॅट बुश, बॉटनी या नव्या वसाहती अशी येथील वस्तीची रचना आहे. अशा ठिकाणी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी मांडून तीत माशांबरोबर शोभेची कोळंबी पाळणाऱ्याला दोन जबाबदाऱ्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात: कोळंबीला शेजारच्या माशांपासून जपणे आणि बाहेरच्या समुद्राला आपल्या टाकीपासून जपणे.

मराठी स्वयंपाकघराला परिचित असलेली कोळंबी आणि ही शोभेची कोळंबी एकाच दशपाद गणातील, म्हणजे चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असणाऱ्या कवचधारी प्राण्यांतील आहेत. मत्स्यालयांत सर्वाधिक दिसणारी ‘सफाई कोळंबी’, शास्त्रीय नाव लायस्माटा अँबोइनेन्सिस, हिच्या लालभडक पाठीवरून डोक्यापासून शेपटीकडे एक पांढरा पट्टा जातो आणि तिच्या लांब पांढऱ्या मिशा दुरूनही उठून दिसतात. या मिशा हलवून ती माशांना बोलावते. मासा जवळ येऊन स्थिर राहिला की ती त्याच्या अंगावर चढते, कल्ल्यांच्या फटीत बारीक चिमटे घालते, प्रसंगी उघड्या तोंडात शिरून मृत त्वचा व परजीवी वेचून खाते. एरवी कोळंबी गिळू शकणारा मासाही त्या वेळी जबडा मिटत नाही. मात्र या सेवेवर विसंबून माशांच्या रोगांकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी त्वचेच्या आत शिरून राहतो आणि तेथे कोळंबीचे चिमटे पोहोचत नाहीत.

या रोगावरच्या उपचारातच कोळंबीला असलेला सर्वांत मोठा धोका दडलेला आहे, कारण त्यावरचे प्रचलित औषध तांब्याचे असते. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन हे द्रव्य तांब्यावरच आधारलेले आहे. तरीही पाण्यात विरघळलेले तांबे माशाला सोसेल इतक्या मात्रेतसुद्धा तिच्या जिवावर उठते. म्हणून आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवून तेथेच औषध द्यावे. कोळंबीच्या टाकीत तांब्याचे औषध कधीही पडू नये. न्यूझीलंडच्या जुन्या घरांत नळ आणि गरम पाण्याच्या टाक्याही बहुधा तांब्याच्या असतात. त्यामुळे नळाचे पाणी जसेच्या तसे वापरण्याऐवजी ते उलट-परासरण पद्धतीने, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून दाबाने गाळून, त्यात समुद्री मिठाचे तयार मिश्रण विरघळवणे अधिक सुरक्षित ठरते.

पाण्याची क्षारता दर हजार भागांस सुमारे ३५ भाग आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस ठेवले की उष्ण कटिबंधातील बहुतेक जाती सुखाने राहतात; ऑकलंडच्या थंडीत त्यासाठी हीटर अपरिहार्य असतो. नवी टाकी भरताच प्राणी सोडणे घातक असते. विष्ठा व उरलेल्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू टाकीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. क्षारतेतील अचानक बदल माशापेक्षा कोळंबीला फार बाधतो. यासाठी ती ज्या पाण्यातून आणली त्यात टाकीचे पाणी बारीक नळीने ठिबक पद्धतीने तासभर मिसळत राहावे आणि मगच तिला टाकीत सोडावे.

सोबतीचे मासे निवडताना रंगापेक्षा तोंडाचा आकार आणि खाण्याची सवय पाहावी. विदूषक मासा, फायरफिश, बांगाई कार्डिनल आणि लहान गोबी हे सामान्यतः निरुपद्रवी शेजारी आहेत. हॉकफिश, ट्रिगरफिश, लायनफिश, फुगणारे मासे आणि मोठे रास मासे हे समुद्रात कवचधारी प्राणीही खातात, तेव्हा दुकानात ते कितीही शांत दिसले तरी त्यांना कोळंबीसोबत ठेवू नये. कोळंबी आधी सोडून तिला कपारी शोधू द्याव्यात आणि मासे नंतर आणावेत, हा क्रम पाळल्यास पुढचे बरेच नुकसान टळते.

कपारींचे खरे महत्त्व कात टाकताना कळते. कवच वाढत नसल्याने वाढत्या कोळंबीला ते वेळोवेळी टाकून द्यावे लागते. डोके-छातीचे कवच जेथे उदराला जुळते तेथे फट पडते, कोळंबी एका झटक्यात बाहेर निसटते आणि मागे पाय व मिशांसकट अखंड पोकळ कवच उरते. ते पाहून कोळंबी मेली असा नवख्या पालकांचा समज होतो. नवे कवच एक-दोन दिवस मऊ असते आणि त्या काळात एरवीचा निरुपद्रवी मासाही लचका तोडू शकतो. लायस्माटा जातींत जुळणीही कात टाकल्यानंतर लगेचच होते. या कोळंब्या आयुष्याच्या आरंभी नर असतात व पुढे एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही होतात. त्यामुळे वाढलेल्या कोणत्याही दोघींची जोडी जमते आणि हिरवट अंडी दोघींच्याही पोटाखाली दिसतात. रात्री बाहेर पडणाऱ्या अळ्या मात्र माशांच्या पोटात किंवा फिल्टरमध्ये जातात. त्या वाचल्या तरी प्रौढ रूप यायला कित्येक महिने लागतात, म्हणून या जातीची घरगुती पैदास अतिशय अवघड आहे.

सहवासाचा सर्वांत विलक्षण नमुना म्हणजे चुटकी वाजवणारी अल्फियस कोळंबी आणि कोकणातल्या निवटीशी नाते सांगणारा गोबी मासा. कोळंबी वाळूत बीळ खणते, गोबी दाराशी पहारा देतो. तिची दृष्टी अधू असल्याने बाहेर येताना ती एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकवून ठेवते आणि त्याने शेपटी थरथरवताच बिळात परतते. तिच्या मोठ्या नांगीचा आवाज नांगीचे भाग एकमेकांवर आपटून येत नाही. नांगी मिटताना सुटणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यामुळे तयार झालेला बुडबुडा कोसळतो तेव्हा तो होतो, हे २००० साली संशोधकांनी दाखवून दिले. हा सगळा व्यवहार काचेपलीकडे हातभर अंतरावर पाहता येतो, यासाठीच अनेकजण वाळूच्या जाड थराचा खटाटोप करतात.

न्यूझीलंडमध्ये हे प्राणी मिळवणे सोपे नाही आणि ते योग्यच आहे. १९९३ च्या जैवसुरक्षा कायद्यानुसार आयात मानकात बसणारे प्राणीच आणता येतात आणि देशात आल्यावर त्यांना मान्यताप्राप्त केंद्रात विलगीकरणात राहावे लागते. २९ जुलै १९९८ पूर्वी जी जात या देशात नव्हती ती १९९६ च्या नव्या जीवांविषयीच्या कायद्यानुसार ‘नवा जीव’ ठरते. या निर्बंधांमुळे प्रत्येक कोळंबी दुर्मीळ व महाग होते, पण बहुतेक कोळंब्या प्रवाळखडकांवरून पकडून आणल्या जात असताना बेफिकीर खरेदीला बसलेला हा आळा स्वागतार्ह आहे. पैदाशीच्या बाजूने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरील प्रयत्न मोलाचा आहे; तेथे राष्ट्रीय मत्स्य जनुकीय संसाधन ब्यूरोने केंद्र उभारून स्थानिक स्त्रियांच्या गटांना शोभेची कोळंबी वाढवण्याचे काम शिकवले.

कायद्याच्या कडकपणामागची भीती काल्पनिक नाही. लायस्माटा व्हिटाटा ही मूळची हिंद-प्रशांत भागातील कोळंबी न्यूझीलंडच्या पाण्यात आढळल्याची नोंद २०१० साली प्रसिद्ध झाली. पुढे २०२१ मध्ये हौराकी आखाताच्या तोंडाशी असलेल्या ग्रेट बॅरिअर बेटावर परदेशी कॉलर्पा शैवाल सापडले आणि ते हटवणे अतिशय जिकिरीचे ठरले आहे. या जीवांचा मार्ग कोणताही असो, मत्स्यालयाने त्यात भर घालू नये. टाकीतून काढलेले पाणी रस्त्याकडेच्या गटारात न ओतता घरातल्या मोरीत ओतावे, म्हणजे ते सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे जाईल. शैवाल व मेलेले प्राणी गोठवून कचऱ्यात टाकावेत. आणि नकोशी झालेली कोळंबी दुसऱ्या पालकाला किंवा दुकानाला परत द्यावी, खाडीत सोडू नये.