तरफ कोणाच्या बाजूची?

सायकलच्या चाकाचा घट्ट बसलेला नट नुसत्या बोटांनी हलत नाही. त्यावर लांब दांड्याचा पाना चढवला, की लहान मुलगाही तो सैल करतो. पान्यामुळे मुलाची ताकद वाढली का? नाही. जोर तेवढाच, तो नटाच्या मध्यापासून दूर लावला, एवढेच. बल आणि आसापासूनचे त्याचे लंबांतर यांच्या गुणाकाराला बलाचे आघूर्ण म्हणतात. जुजुत्सू या मूळच्या जपानी मल्लविद्येतील कित्येक डाव याच गुणाकारावर उभे आहेत. ते समजून घेण्यासाठी ब्राझीलचा मल्ल हेलिओ ग्रेसी याची कारकीर्द पाहू या.

सडपातळ मल्ल

मित्सुयो माएदा हा जपानी मल्ल १९१४ साली ब्राझीलमध्ये आला आणि पुढे तेथेच स्थायिक झाला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी ही विद्या शिकला आणि कार्लोसकडून ती त्याच्या भावंडांकडे गेली. १९१३ साली जन्मलेला हेलिओ हा त्यांतला धाकटा. बांधा सडपातळ. धिप्पाड गड्याला उचलून आपटणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून त्याने जमिनीवरच्या पेचांवर भर दिला. १९३२ साली त्याने एका मुष्टियोद्ध्याला हाताचा पेच टाकून मिनिटभराच्या आत शरण आणले. पुढे अनेक वर्षे तो असाच लढत राहिला.

१९५१ सालची लढत

२३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओ द जानेरो येथील माराकाना मैदानावर त्याच्यापुढे उभा राहिला मासाहिको किमुरा. हा जपानचा नामांकित ज्युडोपटू हेलिओपेक्षा वजनाने आणि ताकदीने बराच वरचढ होता. त्याने हेलिओला वारंवार आपटले आणि अखेर त्याच्या हाताला पेच टाकला. हाताला इजा होऊ लागली तरी हेलिओ हार मानीना. तेव्हा कार्लोसनेच लढत थांबवली. तो पेच पुढे ‘किमुरा’ याच नावाने ओळखला जाऊ लागला.

हा पेच चालतो कसा? प्रतिस्पर्ध्याचा हात कोपरात काटकोनात वाकलेला असतो. एका हाताने त्याचे मनगट पकडायचे, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलेच मनगट धरायचे. असा पक्का चौकट-बंध तयार झाला, की त्याचा पंजा त्याच्या पाठीच्या दिशेने फिरवायचा. येथे त्याच्या दंडाचे हाड म्हणजे नट आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग म्हणजे पाना!

आता हिशेब करू. समजा, मनगटावर २० किलोग्रॅम भाराइतके बल लावले आणि मनगट दंडाच्या आसापासून २५ सेंटिमीटर दूर आहे. गुणाकार झाला ५००. हे फिरणे रोखणारे खांद्याचे लहान स्नायू मात्र आसापासून जेमतेम २ सेंटिमीटरवर ओढतात असे धरू. मग त्यांना ५०० भागिले २, म्हणजे २५० किलोग्रॅम भाराइतके बल लावावे लागेल! ते कोठून आणणार? स्नायू हरले, की सगळा ताण सांध्यावर आणि अस्थिबंधांवर येतो.

यातून सुटण्याची एक वाटही याच सूत्रात आहे. हात सरळ केला, तर मनगट दंडाच्या आसाच्या रेषेत येते, लंबांतर जवळजवळ शून्य होते आणि पिळण्याचा जोर ओसरतो. म्हणूनच पेच टाकणारा कोपर वाकलेलेच ठेवण्याची खटपट करतो.

मग वजनाला किंमत नाही?

आहे! तरफ कोणाचाही पक्ष घेत नाही. हलक्या माणसाला ती अवगत असेल आणि भारी माणसाला नसेल, तर हलका जिंकू शकतो. हेलिओचा मुलगा रॉयस याने १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे एकाच रात्री तीन लढती जिंकून हे जगाला दाखवले. पण दोघांनाही ती अवगत असेल, तर वजन आणि ताकद यांचे पारडे जड होते. १९५१ साली तेच झाले. १९५५ साली हेलिओ आपल्याच एका तरुण माजी शिष्याशी साडेतीन तासांहून अधिक काळ झुंजला आणि हरला. ब्राझिलियन जुजुत्सूच्या आजच्या जागतिक स्पर्धेत काळ्या पट्ट्याच्या प्रौढ पुरुषांसाठी नऊ वजनगट असतात, ते याचमुळे. शिवाय वजनाची अट नसलेला एक खुला गटही असतो.

या खेळातला एक साधा नियम फार मोलाचा आहे. पेच बसला, की प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थोपटायचे. समोरच्याने तत्क्षणी सोडायचे. सांध्याला इजा होण्यापूर्वी हिशेब ओळखणे ही खेळाडूची पहिली विद्या होय. म्हणून, मित्रांनो, हा प्रयोग वर्गमित्राच्या हातावर मुळीच करू नका. एक नट आणि दोन वेगवेगळ्या लांबीचे पाने घ्या. तोच सिद्धांत तुम्हांला तेथे सुखरूपपणे पडताळता येईल.