दहा हजार पावलांचे ओझे उतरवा

नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदानाच्या किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे फेऱ्या मारणाऱ्या अनेकांच्या मनगटावर हल्ली पावले मोजणारा पट्टा असतो आणि मनात दहा हजारांचा आकडा. तेवढी पावले भरली तर दिवस सत्कारणी लागला, नाही तर सगळे व्यर्थ, असा समज घट्ट झाला आहे. हा आकडा मात्र एखाद्या मोठ्या वैद्यकीय अभ्यासातून निघालेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमुळे जपानमध्ये व्यायामाचे वारे वाहू लागले होते. १९६५ मध्ये यामासा कंपनीने कमरेला अडकवायचा पेडोमीटर बाजारात आणला आणि त्याच्या नावातच दहा हजार पावले घातली. लक्षात राहायला सोपा असलेला तो आकडा पुढे जगभर पसरला. पेडोमीटर उपयोगी आहे, यात शंका नाही. पण त्यावरचे उद्दिष्ट कंपनीने नव्हे, आपल्या सध्याच्या चालण्याने ठरवायला हवे.

अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांची पावले मोजून डॉ. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २,७०० पावलांच्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत पुढच्या चार वर्षांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. साधारण ७,५०० पावलांनंतर हा फायदा आणखी वाढला नाही. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, मग हे श्रेय चालण्याचे की चांगल्या तब्येतीचे, असा आक्षेप यावर घेता येतो. तो रास्त आहे. नुसत्या निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण यंत्र लावल्याने माणूस जास्त चालतो का, या प्रश्नाचे उत्तर यादृच्छिक गट पाडून केलेल्या चाचण्यांनी दिले आहे. २००७ मधील आढाव्यानुसार अशा चाचण्यांत पेडोमीटर वापरणारे इतरांपेक्षा रोज सुमारे अडीच हजार पावले जास्त चालले. ज्यांच्यापुढे ठरावीक उद्दिष्टच नव्हते, त्यांच्यात मात्र लक्षणीय सुधारणा दिसली नाही. म्हणजे उद्दिष्ट हवेच, आणि ते झेपणारे हवे. स्मार्टफोनच्या नोंदींवर आधारलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात भारतीयांची सरासरी रोज ४,३०० पावलांच्या आसपास निघाली. अशा माणसाने एकदम दहा हजारांवर उडी घेतली तर आधी गुडघे कुरकुरतात, मग उत्साह. त्यापेक्षा पहिला आठवडा नेहमीसारखेच चालून आपली सरासरी काढावी आणि दर पंधरवड्याला त्यात पाचशे ते हजार पावले वाढवावीत.

यंत्राची निवडही याच दृष्टीने करावी. जुन्या पेडोमीटरमध्ये स्प्रिंगवर तोललेली एक बारीक दांडी असते. पाऊल पडताना कंबर वरखाली होते, दांडी हलते आणि एक पाऊल नोंदले जाते. हा डबा सुटलेल्या पोटावर तिरका बसला किंवा चाल फार संथ असली, तर दांडी पुरेशी हलत नाही आणि पावले गळतात. आजच्या पट्ट्यांत आणि फोनमध्ये तिन्ही दिशांची हालचाल टिपणारी चिप असते. ती तिरके बसणे चालवून घेते. पण मनगटावरचा पट्टा कधी पोळ्या लाटतानाही पावले धरतो, तर कधी भाजीची पिशवी धरलेला हात स्थिर राहिला की खरी पावलेही सोडतो. साडी किंवा सलवारीला पेडोमीटर नीट अडकत नाही आणि फोन पर्समध्ये किंवा ओट्यावरच राहतो. अशा वेळी पट्टाच बरा. पारख सोपी आहे: नेहमीच्या चालीने मनात मोजत शंभर पावले टाकावीत आणि यंत्र पाहावे. ९५ ते १०५ च्या दरम्यान आकडा आला, तर रोजच्या वापराला ते पुरते. दरवेळी तेवढीच चूक करणारे यंत्रही चालेल, कारण तुलना आपल्याच कालच्या आकड्याशी करायची आहे. कधी ८० तर कधी ११५ दाखवणारे मात्र निरुपयोगी. शेजाऱ्याच्या पट्ट्याशी ताडून पाहण्यात तर काहीच अर्थ नाही.

पावलांच्या आकड्यातून श्रम कळत नाहीत, हा दुसरा आक्षेपही खरा आहे. पांडवलेणीच्या पायऱ्या चढतानाचे पाऊल आणि सपाट ट्रॅकवरचे पाऊल यंत्राला सारखेच. गोदाकाठाने सायकल चालवली तर ते तिची जवळपास दखलच घेत नाही. यावर घड्याळाची जोड द्यावी. मिनिटाला शंभराच्या आसपास पावले पडली तर तो प्रौढांसाठी मध्यम श्रमाचा व्यायाम धरतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे असा व्यायाम सुचवते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करणारे एका दिवसात वीसेक किलोमीटर चालतात, पण त्या एका दिवसाने उरलेल्या वर्षाची भरपाई होत नाही. पेडोमीटरचे खरे काम हे रोजचे चालणे डोळ्यांसमोर ठेवण्याचे आहे.

लहान उद्दिष्टाने माणूस आळसावेल, अशी भीती काहींना वाटते. उलट अनुभवाला धरून वाढवलेले उद्दिष्ट टिकते, आणि फायद्याचा मोठा वाटा सर्वांत कमी चालणाऱ्यांच्याच पदरात पडतो. ज्याचा फोन दिवसभर खिशात असतो, त्याने नवे काही विकत घेऊ नये. हृदयविकार, गुडघेदुखी किंवा मधुमेहामुळे पायाला जखमा असतील, तर डॉक्टरांना विचारून मर्यादा ठरवावी. बाकीच्यांनी या आठवड्याची सरासरी लिहून ठेवावी आणि पुढच्या पंधरवड्यात तिच्यात निदान पाचशे पावलांची भर घालावी.