घाट कोणी फोडला?

कल्याण जंक्शनच्या पुढे रुळांना दोन वाटा फुटतात. एक कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे जाते, दुसरी कसाऱ्यावरून थळघाट चढून इगतपुरीकडे. आपल्यापैकी अनेकजण याच वाटांनी प्रथम या वसतिगृहात आले. पत्र्याची पेटी, वळकटी आणि डोळ्यांत पाणी घेऊन आलेली ती मुले आज पालक म्हणून येतात. ज्या रुळांनी आपल्याला शिक्षणापर्यंत आणले ते रूळ कोणी टाकले, हा प्रश्न मात्र आपल्याला क्वचितच पडतो.

आम्हांलाही तो एका विद्यार्थ्याने विचारला. नववीच्या वर्गात आम्ही अलास्कातील तेलवाहिनीची माहिती सांगत होतो. १९७५ ते १९७७ या काळात उत्तरेच्या गोठलेल्या किनाऱ्यापासून दक्षिणेच्या बंदरापर्यंत सुमारे १,२८७ किलोमीटर लांबीची ही वाहिनी उभारली गेली. वाहिनीतील तेल गरम असते. ती जमिनीत पुरली असती, तर त्या उष्णतेने बारमाही गोठलेली माती वितळून नळ खचला असता. म्हणून निम्म्याहून अधिक वाहिनी खांबांवर उचलून धरली आहे. थंडी-उष्म्याने नळ आखडतो आणि प्रसरण पावतो. त्याला वाव मिळावा म्हणून ती नागमोडी नेली आहे. या बांधकामात ३२ माणसे दगावली, असे आम्ही सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आपल्या घाटात किती मेले?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बोरघाटाचा इतिहास पाहिला पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि १८५४ साली ती कल्याणला पोहोचली. पुढे सह्याद्री आडवा होता. दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणायचा, तर हा कडा चढणे भाग होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेल्या मार्गात सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात १,८३१ फूट चढण होती. काही ठिकाणी ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट चढायचे, इतका तो चढ तीव्र होता. सरळ चढणे अशक्य असलेल्या ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, उलट दिशेने पुढचा चढ चढवण्याची योजना केली गेली. या मार्गावर २५ बोगदे खोदावे लागले.

काम १८५६ साली सुरू झाले. आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. पहार आणि घणाने कातळात भोके पाडायची, त्यांत दारू ठासायची आणि सुरुंग उडवायचा. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे, तेथे माणसांना दोराने खाली सोडत. पावसाळ्यात काम ठप्प होई आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई भासे. १८६१ साली या एका घाटावर सुमारे ४२,००० माणसे राबत होती. पुरुष दगड फोडत, बायका-मुले पाट्या वाहत. दाट वस्तीच्या झोपड्यांत पटकी आणि तापाने थैमान घातले.

मजुरीही वेळेवर हाती पडत नसे. कंत्राटदार, पोटकंत्राटदार आणि मुकादम अशा साखळीतून पैसा खाली येई आणि वाटेतच झिरपे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा संताप उसळला आणि घाटात दंगल झाली. लवकरच पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी येथे येऊन थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट हाती घेतले आणि व्यवस्थापक नेमून ते तडीस नेले. १८६३ साली बोरघाट वाहतुकीस खुला झाला, १८६५ साली थळघाट.

रेल्वेकामावरील अशा तंट्यांतून १८६० साली सरकारने एक कायदा केला. मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत, अशी सोय त्यात होती. पण करार मोडणाऱ्या मजुरास फौजदारी शिक्षेचीही तरतूद होती. दंगल ज्यांची मजुरी थकली म्हणून झाली, त्यांच्याच डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार आली. हा कायदा १९३२ साली रद्द झाला. पुढे मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. कामगाराच्या आयुष्याला मोल आहे, हे कायद्याने मान्य करायला किती काळ लागला, ते या अंतरावरून उमगते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. बोरघाटात सुमारे २५,००० माणसे मेली, असा एक अंदाज केला जातो. तो अंदाजच आहे, हे लक्षात घ्यावे. बोगद्यांची संख्या निश्चित आहे, चढ इंचाइंचाने मोजलेला आहे, अभियंता आणि कंत्राटदार यांची नावे ग्रंथांत आहेत. मेलेल्या मजुरांची मोजदाद तेवढी कोणी काळजीने ठेवली नाही. अलास्कात ३२ हा आकडा आपण बिनदिक्कत सांगू शकतो, कारण तेथे प्रत्येक मृत्यूची नोंद झाली. ज्याला समाज माणूस म्हणून मोजतो, त्याचीच नोंद होते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी आणि पालक यांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरातील आजोबा-पणजोबांपैकी कोणी रेल्वेत गँगमन असेल, धरणावर पाट्या वाहिलेल्या असतील, बोगद्यात वा जलवाहिनीवर राबले असेल, तर त्यांचे नाव, गाव, काम आणि साल एका कागदावर लिहून शाळेच्या ग्रंथालयात द्यावे. साल नेमके आठवत नसेल, तर तसे लिहावे. आम्ही त्यासाठी एक वही उघडली आहे. पहिले पान आमच्या आजोबांचे आहे. त्यांच्या नावापुढे गावाचे नाव आणि ‘रेल्वेवर खडी फोडली’ इतकेच लिहिता आले. बाकीचे विचारायला घरात आता कोणी उरले नाही. आपल्या घरात अजून कोणी असेल, तर आजच विचारावे.