दर्यावरची नेमकी इंग्रजी

नाशिकची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून परदेशी निघतात, तेव्हा बोटीचा कप्तान एका देशाचा, तर खलाशी दुसऱ्याच मुलखाचे असू शकतात. त्यांना जोडते ती इंग्रजी. पण मोजक्या, ठरलेल्या वाक्यांची.

हे का हवे? ७ एप्रिल १९९० रोजी नॉर्वेहून डेन्मार्ककडे निघालेल्या 'स्कँडिनेव्हियन स्टार' या बोटीला आग लागली. खलाशांना एकमेकांची आणि उतारूंची भाषा नीट कळेना, त्याने गोंधळ वाढला. दीडशेहून अधिक माणसे दगावली.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९७७ साली ठरवलेल्या शब्दसंग्रहाच्या जागी २००१ साली मोठा वाक्यसंग्रह आला. त्यात आकडे सुटे बोलतात. दिशा दीडशे अंश असेल तर 'वन-फाइव्ह-झीरो'. कारण 'फिफ्टी' आणि 'फिफ्टीन' यांची ऐकताना गल्लत होते. 'मे' हा शब्द टाळतात. परवानगी दिली की नुसती शक्यता सांगितली, हे वायरलेसवर उमगत नाही. जीव धोक्यात असला की 'मेडे' तीनदा म्हणायचे.

मालाच्या कागदांचेही तसेच. 'बिल ऑफ लेडिंग' म्हणजे मालाची पोच, वाहतूक कराराचा पुरावा आणि मालावरील हक्काचा कागद. पेट्या भिजलेल्या वा फुटलेल्या दिसल्या तर त्यावर तसा शेरा पडतो आणि तेवढ्या एका शेऱ्यापायी बँकेतले पैसे अडू शकतात.

बोटीवर जाऊ पाहणाऱ्या मुलाने म्हणूनच भारी इंग्रजीचा धसका घेऊ नये. थोडके आणि स्पष्ट बोलण्याची सवय मात्र आतापासूनच लावून घ्यावी.