केंपेताईचा दुभाषी: ताकाशी नागासे यांच्या पश्चात्तापाची कहाणी

दुसऱ्या महायुद्धातील जपानी लष्करी पोलीस दलाचे नाव होते केंपेताई. १८८१ मध्ये स्थापन झालेले हे दल मुळात सैनिकांवर देखरेख ठेवण्यासाठी होते. पुढे जपानने जिंकलेल्या प्रदेशांत ते अटक, हेरगिरी आणि छळाचे यंत्र बनले. या यंत्रात काम केलेल्या ताकाशी नागासे यांचे आयुष्य धम्माच्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येक तरुणाने समजून घ्यावे असे आहे.

नागासे यांचा जन्म १९१८ मध्ये जपानमधील कुराशिकी येथे झाला. इंग्रजी येत असल्यामुळे लष्कराने त्यांना दुभाषी केले आणि थायलंडमधील कांचनाबुरी येथे ते केंपेताईसोबत काम करू लागले. त्या वेळी थायलंड ते ब्रह्मदेश असा ४१५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग बांधला जात होता. सुमारे ६० हजार युद्धकैदी त्या कामाला जुंपले होते. त्यांपैकी १२ हजारांहून अधिक जण भूक, रोगराई आणि मारहाणीने मेले.

१९४३ मध्ये कैद्यांनी लपवून ठेवलेला रेडिओ सापडला. एरिक लोमॅक्स या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याचे हात मारहाणीत मोडले. त्यांच्या तोंडात आणि नाकात पाणी सोडून चौकशी झाली. त्या खोलीत प्रश्न आणि उत्तरे यांचे भाषांतर करत होते नागासे. मारणारे हात दुसऱ्यांचे होते. पण लोमॅक्स यांच्या आठवणीत पन्नास वर्षे घुमत राहिला तो या दुभाष्याचा आवाज.

युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांच्या पथकाने रेल्वेमार्गालगतच्या कबरी शोधल्या, तेव्हाही दुभाषी म्हणून नागासेच सोबत होते. कबरीमागून कबर पाहताना त्यांना गुन्ह्याचा आकार कळला. त्यांच्यावर खटला चालला नाही. ते गावी परतून इंग्रजी शिकवत सुखाने जगू शकले असते. पण १९६३ पासून ते पुन्हा पुन्हा कांचनाबुरीला जात राहिले. आयुष्यभरात त्यांनी शंभराहून अधिक फेऱ्या केल्या. १९८६ मध्ये त्यांनी क्वाई नदीच्या पुलाजवळ शांतीसाठी बौद्ध विहार उभारला आणि जपानी लष्करशाहीविरुद्ध स्वदेशातच उघडपणे बोलत राहिले.

त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले. त्यात, कांचनाबुरीच्या दफनभूमीत आपल्याला क्षमा मिळाल्यासारखे वाटले, असे म्हटले होते. ते वाचून लोमॅक्स यांच्या पत्नी पॅटी संतापल्या. ज्याचा छळ झाला त्याने अजून क्षमा केलेली नसताना ही क्षमा आली कुठून, असे त्यांनी नागासे यांना पत्रातून विचारले. नागासे यांनी पळवाट शोधली नाही. त्यांनी उत्तर लिहिले. १९९३ मध्ये दोघे कांचनाबुरीत समोरासमोर आले आणि नागासे यांनी माफी मागितली. त्यानंतर जपानच्या भेटीत लोमॅक्स यांनी क्षमेचे पत्र त्यांच्या हाती दिले. दोघे अखेरपर्यंत मित्र राहिले. नागासे यांचे निधन २०११ मध्ये झाले, लोमॅक्स यांचे २०१२ मध्ये.

यातून काय घ्यायचे? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाच्या परिवर्तनाला जागा दिली आहे. माणूस बदलू शकतो, हा धम्माचा विश्वास आहे. पण हा बदल म्हणजे भटजीला दक्षिणा देऊन पाप धुण्याचा विधी नव्हे. केलेले कृत्य नाव घेऊन मान्य करणे, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासमोर उभे राहणे आणि उरलेले आयुष्य त्या कामाला देणे, हा तो मार्ग. क्षमा करायची की नाही, हे मात्र पीडितानेच ठरवायचे. 'झाले गेले विसरून जा' असा उपदेश पीडितांना करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. बौद्ध देश म्हणवल्याने अत्याचार थांबत नाहीत. जपानमधील अनेक बौद्ध पंथांनी त्या युद्धाला पाठिंबा दिला होता. सोतो झेन पंथाने त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला, तो १९९२ मध्ये. धम्म नावात नसून आचरणात असतो, हे त्यांना इतक्या उशिरा सांगावे लागले.

आणि तिसरी गोष्ट थेट आपल्याशी जोडलेली आहे. या रेल्वेवर युद्धकैद्यांहून कितीतरी जास्त आशियाई मजूर मेले. त्यांची संख्या सुमारे ९० हजार असावी, असा अंदाज आहे. त्यांत मलायातील रबरमळ्यांवरचे तमिळ मजूरही होते. दक्षिण भारतातून त्या मळ्यांवर गेलेल्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. कांचनाबुरीच्या दफनभूमीत युद्धकैद्यांच्या जवळपास सात हजार कबरी नीट राखल्या आहेत. या मजुरांतील बहुतेकांच्या वाट्याला नावाचा दगडही आला नाही. नागासे यांना माफी मागण्यासाठी लोमॅक्स भेटले. या मजुरांच्या वतीने पत्र लिहिणारे कोणी नव्हते. त्यांचा इतिहास शोधून लिहिण्याचे काम आपल्या अभ्यासू तरुणांनी हाती घेतले पाहिजे.