ओमेगा : आठ केंद्रांत सारी पृथ्वी

दुसऱ्या महायुद्धात जन्मलेल्या लोरान या रेडिओ-दिशादर्शन यंत्रणेचा भरवशाचा पल्ला हजारेक मैलांचा. त्यापलीकडच्या समुद्रात नाविकाला पुन्हा सूर्य-ताऱ्यांकडेच पाहावे लागे. हार्वर्डचे जॉन अल्विन पिअर्स यांनी सारी पृथ्वी कवेत घेण्यासाठी लहरच बदलली. लोरानची पुढची आवृत्ती लोरान-सी 100 किलोहर्ट्झवर चाले, त्यांची ओमेगा यंत्रणा 10.2 वर उतरली. ही लहर सुमारे 30 किलोमीटर लांबीची. पृथ्वीचा पृष्ठभाग आणि आयनांबर यांच्यामधून ती फारशी न विरता हजारो मैल जाते. म्हणून आठच केंद्रे पुरली : नॉर्वे, लायबेरिया, हवाई, नॉर्थ डकोटा, रियुनियन बेट, अर्जेंटिना, जपान आणि 1982 मध्ये सुरू झालेले ऑस्ट्रेलियातले शेवटचे.

एवढ्या लांब लहरीला अँटेनाही अवाढव्य लागे. जपानच्या त्सुशिमा बेटावर 455 मीटरचा मनोरा उभारला, तर हवाईत हाइकू दरीच्या एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत तारा ताणल्या. एवढे करून हवेत जाई ती जेमतेम 10 किलोवॅट शक्ती!

आठही केंद्रे आण्विक घड्याळांच्या तालावर, दहा सेकंदांच्या फेऱ्यात आपापल्या पाळीने बोलत. दोन केंद्रांच्या लहरींच्या फेजमधला फरक मोजला की जहाज नकाशावरच्या एका वक्ररेषेवर सापडे. दुसऱ्या जोडीची रेषा तिला जिथे छेदे, तिथे जहाज. खरी मेख पुढे होती. तोच फरक दर आठेक सागरी मैलांनी पुन्हा येई. त्या आठ मैलांच्या पट्ट्यातली जागा कळे, पट्टा कोणता ते कळत नसे. त्यामुळे बंदरातच यंत्र लावून ओलांडलेले पट्टे मोजत जावे लागे. मध्येच वीज गेली की मोजणी तुटली. मग 13.6 किलोहर्ट्झची लहर जोडीला घेत. त्याने पट्टा 24 मैलांचा होई आणि संशय कमी उरे. शिवाय दिवस-रात्रीनुसार आयनांबराची उंची बदले, त्यासाठी दुरुस्तीची कोष्टके हाताशी ठेवावी लागत.

इतक्या खटाटोपानंतर जागा कळे ती दोन-चार मैलांच्या फरकाने. बंदरात शिरताना हे निरुपयोगी. भर महासागरात मात्र पुरेसे, आणि धुक्या-ढगांतही मिळणारे. मला ओमेगाची थोरवी इथेच वाटते. महासागर ओलांडणारी प्रवासी विमानेही तिच्यावर विसंबत.

जीपीएस आल्यावर 30 सप्टेंबर 1997 रोजी ओमेगा बंद झाली. अशा लहरी समुद्राच्या पाण्यातही काही मीटर शिरतात. त्यामुळे ऑस्ट्रेलियातले वुडसाइड केंद्र त्यानंतरही काही वर्षे तिथल्या नौदलाने पाणबुड्यांना संदेश पाठवण्यासाठी चालवले.